हातचा

तेवीस.
काल कुपिश्किसच्या जिममध्ये
आमच्या पोरींनी तेवीस वेळा चेंडू
समोरच्यांच्या हातात नेऊन दिला.
मीच मोजले. माझं कामच ते.
एकतीस वर्षं डेअरीत हिशेब लिहिला,
सांडलेल्या दुधाला वेगळा रकाना होता तिथे,
आता सांडलेल्या चेंडूंना आहे.

टर्नओव्हर म्हणतात त्याला.
आमचा कोच रिमगाउदास तो शब्द तोंडातून काढत नाही,
घरातल्या माणसाच्या दुखण्याचं नाव टाळावं तसा.
"यानिना, किती?"
पाठमोराच विचारतो,
आणि मी त्याच्या पाठीला सांगते.

सप्टेंबरात त्यानं शिक्षा लावली:
एका चुकीला एक फेरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पोरींचे पाय तयार झाले.
चेंडू तसेच जात राहिले, फक्त जास्त वेगानं.
ऑक्टोबरात वाळू भरल्यासारखा जड चेंडू आणला.
बोटं सुजली. स्काइस्तेची आई येऊन भांडून गेली,
पोरगी पियानो शिकते म्हणे.
मग ड्रिबल बंद. मग पोरींचं बोलणं बंद.
मग एका संध्याकाळी त्याचंच बंद.
भिंतीकडे तोंड करून अर्धा तास ऐकत राहिला:
बुटांची किरकिर, चेंडूचा ठोका,
आणि मध्येच ती फट,
चेंडू कुणाचाच नसतो तेव्हाची.

माझ्या वहीत सगळ्यात लांब रेघोट्या गोडाच्या.
पंधरा वर्षांची, चेंडू तीच पुढे आणते.
एका सामन्यात नऊ.
बेकरीत पावाच्या रांगेतसुद्धा
कुणीतरी तिला "नऊ" म्हणून हाक मारली.
मी रांगेत मागेच होते.
तो आकडा माझ्याच पेन्सिलीतून गावात गेला होता.

त्यानंतर ती चेंडू विस्तवासारखा धरायला लागली.
कुठेही टाकायची, फक्त हातातून जावा.

गुरुवारी रिमगाउदास टेबलापाशी आला.
पहिल्यांदाच समोरून.
"हा गोडाचा सातवा. द्यायचा कुणाला होता?"
मी वही चाळली.
माझ्या वहीत ते नव्हतं.

डेअरीतही नव्हतं.
कॅन उलटला की गाडीवाल्याच्या नावावर पडायचा.
युओझास बिचारा, पगारातून फेडायचा.
रस्त्यातल्या खड्ड्याच्या नावावर
मी कधी एक लिटर लिहिलं नाही.

पट्टी घेतली. नवा रकाना आखला.

दुसऱ्या दिवशी एकच नियम:
चेंडू निघाला की दोन पावलं त्याच्याकडे.
"पाहुणा फाटकात आलाय,
आणि तुम्ही खुर्चीतून हात पसरताय!"
असं तो ओरडला, विशेषतः रुस्नेवर.
रुस्ने सहा फूट एक इंच. तिला वाटायचं,
एवढ्या उंचीकडे जग आपणहून येतं.

सोपं नव्हतं. डिसेंबर अख्खा गेला.
एकोणीस. वीस. सतरा. परत एकवीस.
एका सरावात दोघी एकाच चेंडूकडे धावल्या
आणि स्काइस्तेचा दात हलला.
(तिची आई परत आली.)

काल परवा रोकिश्किसशी खेळलो. हरलो, तीन गुणांनी.
शेवटच्या मिनिटाला गोडाचा पास
रुस्नेच्या हातापुढून कुणी तिसरीनंच उचलला.

मी बेरीज करत होते. सवयीनं पुटपुटत:
आठ नि सहा चौदा, चाराला चार, हातचा एक.
किती वर्षं म्हणतेय हे,
आणि हातचा म्हणजे हातात ठेवायचा नसतो,
शेजारच्या घरात पोचवायचा असतो,
हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

रुस्ने टेबलापाशी आली. बोटाला चिकटपट्टी, नाक लाल.
"शेवटचा माझ्या नावावर लिही. मी उभीच राहिले."
मागून गोडा: "पास माझा होता."

हिशेबात असं चालत नाही,
पण तो एक मी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर मांडला.

"किती?" रिमगाउदास.
"चौदा," मी म्हणाले.
"म्हणजे, तेरा. आणि एक दोघींचा."

बस सुरू व्हायला तयार नव्हती, थंडीनं.
पोरी उतरून ढकलायला लागल्या.